चार जणांसाठी आणि शंभर जणांसाठी: थंगम फिलिप

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' जमतील तेवढे काढलेत, सगळे गेलेले नाहीत.

हॉटेल मॅनेजमेंट केलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्या घरात एक जाडजूड पुस्तक हमखास सापडेल. पानांवर तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर दोन-तीन जणांची नावं, कारण पुस्तक सीनियरकडून ज्युनियरकडे आलेलं असतं. 'मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड'. लेखिका थंगम फिलिप. साठच्या दशकातलं पुस्तक, ओरिएंट लाँगमनने काढलेलं. नाव नीट वाचा. त्यात गृहिणी नाही, चव नाही, परंपरा नाही. शिकवणं आहे आणि धंदा आहे. एवढ्या दोन शब्दांत बाईंचं सगळं काम येतं.

आत एखादी पाककृती उघडली की साहित्यापुढे दोन रकाने दिसतात. एक चार जणांसाठी, दुसरा शंभर जणांसाठी. फोटो नाहीत, आठवणी नाहीत, 'माझी आजी असं करायची' वगैरे काही नाही. वजनं आणि कृती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला ते पान एखाद्या स्पेसिफिकेशनसारखं वाटतं आणि बघूनच बरं वाटतं. पण हा दुसरा रकाना कुठून आला, त्याची गरज कोणाला पडली, हा खरा इतिहास आहे. तो आज सांगतो.

थंगम एलिझाबेथ फिलिप यांचा जन्म १२ मे १९२१ चा, कोइंबतूरचा. घराणं केरळी ख्रिस्ती. केरळातल्या ख्रिस्ती घरांत केक ही काही परकी वस्तू नव्हती. थलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक भाजला, ही गोष्ट केरळात आजही अभिमानाने सांगतात. फिलिपबाई शिकल्या गृहविज्ञान. त्या काळी मुलींना हा विषय का शिकवायचा याचं ठरलेलं उत्तर होतं: संसार नीट करता यावा म्हणून. हेच शिक्षण घेऊन बाईंनी पुढे आयुष्यभर मुख्यतः मुलग्यांना स्वयंपाक शिकवला, तोही नोकरीसाठी. पन्नास-साठ सालच्या मानाने हे किती उलटं होतं बघा. घरातली चूल बाईची आणि हॉटेलातली भट्टी पुरुषाची, अशी वाटणी पक्की होती. मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये बाई दिसायची नाही. आणि त्या किचनमध्ये जाणाऱ्या पोरांच्या हातात सुरी कशी धरायची हे मात्र दादरला एक बाई ठरवत होती.

आता दादरला कॉलेज आलं कसं, ते बघू. सुरुवात हॉटेलांपासून झालीच नाही. ती भुकेपासून झाली.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ लोकांच्या डोळ्यांपुढे ताजा होता. फाळणीत पंजाब आणि सिंधमधली गव्हाची मोठी जमीन पलीकडे गेली. रेशनच्या रांगा स्वातंत्र्यानंतरही संपल्या नाहीत. १९५० ते १९५२ या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी, स्वतः गुजरातीतल्या लेखिका आणि पुढे राज्यसभेच्या सदस्य, यांनी महिलांची एक अखिल भारतीय अन्न परिषद उभी केली. 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं ही त्या परिषदेची. कल्पना अशी की तांदूळ-गव्हावरचा भार कमी करायचा, कंद, भाज्या, दुय्यम धान्यं यांचे पदार्थ लोकांना स्वस्तात आणि चवीचे करून द्यायचे. (याच लीलावतीबाईंनी १९५४ साली राज्यसभेत अनिष्ट सिनेमांविरुद्ध ठराव मांडला होता. म्हणजे देशाने काय खावं आणि काय पाहावं, दोन्हींवर त्यांचं लक्ष होतं. असो.)

उपाहारगृहं चालवायला घेतली की पहिली अडचण माणसांची येते. शंभर जणांना रोज तेच, त्याच चवीचं, त्याच खर्चात, स्वच्छ करून घालणारा माणूस आणायचा कुठून? लग्नाचा आचारी शंभर काय, हजार पानं उठवतो. पण त्याला विचारा, मीठ किती, तर तो हाताची ओंजळ दाखवणार. त्याची ओंजळ दुसऱ्याला देता येत नाही. साहेबांच्या घरचे बटलर आणि खानसामे होते, गोव्याहून आलेले कुक आणि बेकर होते. त्यांचं ज्ञान उत्तम होतं, पण ते बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून पोऱ्याकडे, तेही वर्षानुवर्षं भांडी घासल्यावर, जायचं. उस्ताद शेवटची खुबी सांगायचा नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. ती खुबी हीच त्याची नोकरी होती.

म्हणून १९५४ साली संस्था निघाली. आधी अंधेरीला, भवन्स कॉलेजच्या आवारात. पुढे दादरला, वीर सावरकर मार्गावर, कीर्ती कॉलेजच्या जवळ. आपण वसई-विरारकरांनी नोंद घ्यावी, दोन्ही पत्ते आपल्याच लाईनवर आहेत. लोक तिला दादर केटरिंग कॉलेज म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे: इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. हे शेवटचं 'अप्लाइड न्यूट्रिशन' पंचतारांकित हॉटेलात जाणाऱ्या पोराला कशाला, असं वाटतं ना? तो त्या भुकेच्या काळाचा शिल्लक राहिलेला शिक्का आहे. संस्था आधी अन्न खात्याच्या छत्राखाली होती. ऐंशीच्या दशकात अशा सगळ्या संस्था पर्यटन खात्याकडे गेल्या. तीस वर्षांत देशाचा प्रश्न 'लोकांना काय खाऊ घालायचं' इथून 'पाहुण्यांना काय खाऊ घालायचं' इथवर आला, आणि ते फक्त खात्याच्या बदलीतून दिसतं.

फिलिपबाई या संस्थेच्या दीर्घकाळ प्राचार्य होत्या. हा काळ मुद्दाम बघण्यासारखा आहे, कारण त्याच वेळी देशाची वजनंमापं बदलत होती.

१९५६ साली कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं आली आणि १९६२ पर्यंत शेर, छटाक, तोळा कायद्याने बाद झाले. कायद्याने, बरं का. डोक्यातून नाही. तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्यात शेर गावोगावी वेगळा, आणि धान्य मापाने, पायलीने. इंग्रजी पुस्तकांत पौंड, औंस आणि कप. अशा गोंधळात तुम्ही एखाद्या मुलाला केक शिकवायला उभे राहा. भाजीत शेर-पौंडाची गल्लत झाली तर भाजी थोडी कमी-जास्त होते, खपून जाते. केक खपवून घेत नाही. मैदा, लोणी, साखर आणि अंडी समान वजनाने, हे जुनं पाउंड केकचं गणित. लोणी आणि साखर फेटताना त्यात हवा अडकते, अंडी ते मिश्रण धरून ठेवतात, मैदा आणि अंडी भट्टीत घट्ट होऊन सांगाडा उभा करतात. यातलं एक वजन हललं की मधोमध खड्डा. आणि ओव्हनमध्ये गेल्यावर चाखून मीठ-साखर वाढवायची सोय नाही. म्हणून मला वाटतं, बेकरी हा या नव्या शिक्षणाचा खरा कस होता. तिथे 'अंदाजाने' हा शब्द चालत नाही. बेकरीत तर मैदा म्हणजे शंभर धरतात आणि पाणी, मीठ, यीस्ट, साखर सगळं त्याच्या टक्क्यांत लिहितात. एक किलो असो की पोतं, सूत्र तेच.

याच सुमारास मराठीत दुसऱ्या एका बाईंनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. सांगलीच्या कमलाबाई ओगले. त्यांचं 'रुचिरा' १९७० चं. कमलाबाईंनी ग्रॅम घेतलेच नाहीत. त्यांनी वाटी आणि चमचा घेतला, कारण घरात तराजू नसतो, वाटी असते. आणि घरच्या स्वयंपाकात प्रमाण महत्त्वाचं, वाटी तुमची मोठी की माझी छोटी याने फारसं बिघडत नाही. दोघींची मनोवृत्ती एकच, की 'अंदाजाने घाला' असं सांगून शिकणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. पण एकीने घर डोळ्यांपुढे ठेवलं, दुसरीने शंभराची पंगत. 'रुचिरा' आपल्याकडे घराघरांत आहे आणि कमलाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. फिलिपबाईंचं नाव मुंबईत एवढी वर्षं काम करूनही मराठी वाचकांना फारसं माहीत नाही. पुस्तक इंग्रजीत, विद्यार्थी हॉटेलांत, आणि हॉटेलात जेवताना आपण आचाऱ्याच्या गुरूचं नाव विचारत नाही.

आता त्या दुसऱ्या रकान्याकडे. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण यात गंमत आहे.

चाराचे शंभर म्हणजे पंचवीस पट. मग प्रत्येक आकडा पंचवीसने गुणा, झालं, एवढ्यासाठी वेगळा रकाना छापायचा कशाला? कॉम्प्युटरवाल्याला हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर भांड्यात आहे. आमटीतलं पाणी किती आटणार हे किती माणसं जेवणार यावर ठरत नाही, भांड्याचं तोंड किती मोठं आणि ते किती वेळ उकळतंय यावर ठरतं. आकारमान पंचवीस पट झालं तर त्याच आकाराच्या भांड्याचा पृष्ठभाग साधारण साडेआठ पटच वाढतो. पाणी पंचवीस पट घातलंत की आमटीचं पाणीच होणार. फोडणीच्या तेलाचंही तसंच, ते तळाशी पसरायचं असतं आणि तळ माणसांच्या हिशेबाने वाढत नाही. तिखट, लवंग, हिंग यांचं अजून वेगळं; मोठ्या ऐवजात ते जास्त वेळ शिजतात, जास्त उतरतात. लग्नाच्या आचाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, फक्त तो ते बोलून दाखवत नाही. फिलिपबाईंच्या पुस्तकाने ते रकान्यात मांडलं.

केकचं तर विचारू नका. सहा इंची गोल केक बारा इंची करायचा, उंची तीच, तर मिश्रण चौपट लागतं. पण भाजायला चौपट वेळ दिला तर कोळसा. मधल्या भागापर्यंत आच उशिरा पोचते, कडा आधी होतात, म्हणून आच कमी करून वेळ वाढवायचा. किती कमी, किती जास्त, हे ओव्हनसमोर उभं राहून, वही घेऊन, दहा वेळा करूनच कळतं. असं करून कळलेलं लिहून ठेवायचं आणि पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी द्यायचं, याला मी शिकवणं म्हणतो. उस्तादाने दहा वर्षांनी दिलं असतं ते पोराला एका टर्ममध्ये मिळालं. ज्याच्या घरात कोणी कुक नाही, ज्याचं आडनाव त्या धंद्यातलं नाही, अशा मुलासाठी भट्टीचं दार उघडलं ते यामुळे.

बेकिंगवर बाईंचं स्वतंत्र पुस्तकही आहे, 'थंगम फिलिप बुक ऑफ बेकिंग'. आणि काळही बेकिंगचाच येत होता. परदेशी गहू बोटींनी येऊ लागला होता. १९६५ साली सरकारने स्वतःच मॉडर्न बेकरीज सुरू केली. मेणकागदात गुंडाळलेली ती स्लाइस ब्रेड आपल्या आईवडिलांना आठवत असेल. (तीच कंपनी २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली.) मुद्दा असा की पाव हे एका समाजाचं, एका गल्लीचं खाणं राहिलं नव्हतं.

आपल्या वसईत या वाक्याला वेगळं वजन आहे. १५३४ ते १७३९ ही दोनशे पाच वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती. पाव हा शब्दच त्यांचा, जसे बटाटा, काजू, चावी हे शब्द. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायल्यामुळे अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती घडली तशीच घडली का, हा भाग वेगळा. पण ती इतकी वर्षं टिकली यातून पाव म्हणजे काय समजलं जायचं ते कळतं. पावाचा तुकडा ही धर्माची आणि जातीची सीमा होती. भाजणारा एका बाजूचा, शिवणार नाही म्हणणारा दुसऱ्या बाजूचा. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण भट्टी राहिली. ईस्ट इंडियन आणि सामवेदी ख्रिस्ती घरांत फुगे राहिले, नाताळचे कलकल आणि नेवऱ्या राहिल्या, रवा-नारळाची थाळी स्वीट राहिली. घरी ओव्हन नसायचा, तेव्हा नाताळच्या आधी केकचे डबे गल्लीतल्या बेकरीत जायचे, पाव निघाल्यावर उरलेल्या आचेवर भाजून यायचे.

या पार्श्वभूमीवर दादरच्या त्या वर्गाचा विचार करा. एका टेबलावर कुठल्या कुठल्या घरांतली मुलं, सगळ्यांच्या हाताला तोच मैदा, सगळ्यांनी तीच अंडी फोडायची, आणि एकमेकांनी केलेलं चाखायचं, कारण चाखल्याशिवाय मार्क नाहीत. यावर कोणी भाषण दिलं असेल असं मला वाटत नाही. अभ्यासक्रमच तसा होता. आपल्याकडे सहभोजनाच्या चळवळी झाल्या, त्यांचा इतिहास लिहिला गेला. प्रॅक्टिकलच्या मार्कांनी घडवलेल्या सहभोजनाचा कोणी लिहिला नाही.

एक तक्रारही करायला हवी, नाहीतर हा भाग आरती होईल. प्रमाण ठरवलं की जे प्रमाणात बसत नाही ते बाहेर राहतं. आपल्या फुग्यांचं पीठ पूर्वी ताडीने फुगवायचे. ताडी सकाळची की दुपारची, उन्हाळ्याची की थंडीतली, यावर तिचा जोर बदलतो. पुस्तकात लिहायचं तर यीस्ट लिहावं लागतं, कारण यीस्टचं वजन करता येतं, ताडीचा जोर मोजायचा कसा? यीस्टने फुगे होतात. पण ताडीचा तो किंचित आंबूस वास येत नाही. राजेळी केळ्याची आपली सुकेळी घ्या. ती किती दिवसांत वाळेल हे उन्हावर ठरतं. ग्रॅम आणि मिनिटं यांच्या भाषेत हे सांगता येत नाही, म्हणून ते कॉलेजात शिकवलं जात नाही, आणि शिकवलं जात नाही म्हणून त्याला कौशल्य मानलं जात नाही. यात फिलिपबाईंचा दोष मी मानत नाही. त्यांच्यापुढे पंगत होती आणि वेळ थोडा होता. पण मोजता येतं तेवढंच ज्ञान, ही सवय आपल्याला त्यानंतर लागली, आणि आमच्या धंद्यात तर ती फारच आहे.

मानमरातब मिळाले. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं सेरेस पदक, त्याच वर्षी मदर तेरेसांनाही ते मिळालं. १९७६ साली पद्मश्री. आचारी या शब्दाकडे लोक कसे बघत हे आठवलं की या पद्मश्रीचं महत्त्व कळतं. 'मुलगा काय करतो?' याला 'हॉटेलात कुक आहे' हे उत्तर मध्यमवर्गीय घरात खालच्या आवाजात दिलं जायचं.

संस्थेतून बाहेर पडलेल्यांपैकी एकाचंच नाव घेतो, फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत वाढलेला, बायोकेमिस्ट्री शिकून मग या क्षेत्रात आलेला. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये 'टॅबला' सुरू झालं, त्याचा तो शेफ होता. २०११ साली 'टॉप शेफ मास्टर्स' ही अमेरिकेतली स्पर्धा त्याने जिंकली. अंतिम फेरीत त्याने काय केलं असेल? उपमा. मशरूम घातलेला, पण उपमाच. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या अगदी पहिल्या लाटेत, तो गेला. आपल्या रोजच्या न्याहारीला परक्या परीक्षकांपुढे ठेवायचा तो आत्मविश्वास कुठून येतो, यावर मी बराच विचार केला. एक कारण मला असं वाटतं की मुंबईच्या त्या शिक्षणात भारतीय आणि युरोपीय पदार्थ एकाच पुस्तकात, एकाच ग्रॅमच्या भाषेत, शेजारी-शेजारी छापलेले होते. उपमा खालच्या पायरीवर नव्हता.

थंगम फिलिप २८ जानेवारी २००९ रोजी गेल्या. पुस्तक अजून वापरात आहे, आणि विरार लोकलमध्ये सकाळी शेफचा पांढरा कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून नेणारी मुलं-मुली दिसतात. हल्ली मुलीही बऱ्याच.

पुढचा भाग ताडीच्या फुग्यांवर करायचा विचार आहे. त्यासाठी एक काम आहे. वसई, नालासोपारा, विरार, आगाशी, निर्मळ, कुठेही तुमच्या घरात आजीची हाताने लिहिलेली पाककृतींची वही असेल, विशेषतः शेर-छटाकातली, तर तिच्या पानांचे फोटो पाठवा. आणि ताडी घालणारं कोणी घरात अजून असेल तर त्यांना विचारा, ती सकाळी किती वाजता आणायचे.